उरलेले तीन रॉड

आमच्या वस्तीत माझी ओळख करून द्यायचं एक वाक्य ठरलेलं होतं. "ह्यो समुद्रात बोअर मारतो." त्यावर दुसरं कुणीतरी हमखास म्हणायचं, "पाण्यात बोअर मारतो आन हितं प्यायला पाणी न्हाई!" मग सगळे हसायचे, मीही हसायचो. पुढं एक दिवस असा आला की त्यानंतर हा विनोद माझ्यासमोर कुणी केला नाही. त्या दिवसाला कारण मी आहे. दुसरा कुणी असता तर त्याला चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

मी नांदेडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकलो. हा विषय मी आवडीनं घेतला असं म्हणणं खोटं होईल. बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या आणि या विषयाला पोरं मिळत नव्हती. "दगडाचं शिकून काय करनार? खडी फोडनार का?" असं माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी मुखेडच्या बाजारात, चार लोकांत विचारलं होतं. प्रश्न वावगा नव्हता. बाहत्तरच्या दुष्काळात माझी माय सडकेच्या कामावर खडीच फोडत होती आणि तिथं मिळणाऱ्या सुकडीवर आम्ही जगलो होतो. आमच्या सगळ्या मुलखाखाली पसरलेला तो काळा दगड मला आधी मायच्या तळहातावरच्या फोडांवरून कळला, पुस्तकातून नंतर.

नोकरी लागली ती समुद्रातल्या गॅसच्या शोधात. किनारा दिसेनासा होतो त्याच्याही बराच पुढं, लोखंडी पाय समुद्राच्या तळाला टेकवून पाण्याच्या वर उभी राहिलेली रिग. चौदा दिवस तिथं, चौदा दिवस घरी. घर म्हणजे चाकूर तालुक्यातलं आमचं गाव आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. किनाऱ्यावरून रिगवर नेऊन सोडायला हेलिकॉप्टर असायचं, हे मायनं वस्तीत इतक्या वेळा सांगितलं होतं की लहान लेकरं मला त्या आवाजाची नक्कल करून दाखवायची.

रिगवर माझं काम चुरा बघायचं. खोदणारं पातं खाली दगड फोडत जातं, आणि वरून सोडलेला दाट चिखल तो फुटलेला चुरा घेऊन परत वर येतो. चाळणीवर चिखल गळून जातो, चुरा राहतो. तो धुवायचा, ट्रेमध्ये पसरायचा, भिंगाखाली धरायचा आणि खाली कोणता दगड लागलाय ते सांगायचं. मग मूठभर चुरा कापडी पिशवीत भरून तिच्यावर खोली लिहायची. पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट बजावून सांगितली गेली. हातात आलेला चुरा आत्ताचा नसतो. खोल विहिरीत त्याला वर यायला तास-दीड तास लागतो. तू जे बघतोयस ते मागचं आहे, पातं तोवर पुढं गेलेलं असतं.

समुद्राखाली गॅसचं तळं असतं असं लोकांना वाटतं. मलाही वाटायचं. तळं-बिळं काही नसतं, दगडच असतो. फक्त अनारशाला जाळी पडते तशी त्या दगडाला बारीक जाळी असते आणि तिच्यात गॅस बसलेला असतो. आमच्या क्षेत्रात तो चुनखडक होता, केव्हाच्या काळी मेलेल्या शिंपल्यांचा आणि सागरी जिवांचा. वर चिकणमातीच्या दगडाचं जाड झाकण. हे सगळं पालथ्या परातीसारखं फुगलेलं. गॅस हलका, म्हणून तो परातीच्या टोकाला जाऊन अडकतो, त्याच्याखाली खारं पाणी. आमचं सगळं कसब ती परात शोधण्यात आणि तिचे काठ कुठवर जातात ते ठरवण्यात.

आणि या सगळ्याच्या खाली, सगळ्यात तळाला, काळा दगड. आमचाच. ज्या लाव्ह्यानं आमचा मुलूख घडवला त्याचाच एक भाग तिकडं खचून समुद्राखाली गेला आणि त्याच्यावर गाळ साचत राहिला. पहिल्यांदा माझ्या ट्रेमध्ये त्याचे कण चमकले तेव्हा परमुलखात गावचं माणूस भेटावं तसं मला झालं. पण आमच्या खोदकामात त्याला तेवढीच किंमत होती. तो दिसला की संपलं. त्याच्याखाली आम्ही काही शोधत नव्हतो. 'काळा पाषाण लागला' एवढं मी वर कळवायचं आणि विहीर थांबायची.

दुसऱ्याच विहिरीत माझं चुकलं. काळपट चिकणदगडाचे आणि काळ्या पाषाणाचे कण ट्रेमध्ये मिसळून आले. मला खात्री हवी होती म्हणून मी आणखी एक नमुना येऊ दिला, मग आणखी एक. तोवर पातं पाषाणात घासून बोथट झालं. वरिष्ठ साहेब रेडिओवर होते आणि त्यांचा आवाज सगळ्या केबिनमध्ये घुमत होता. "काळा दगड ओळखायला तुला भिंग लागतं? तुमच्याकडं तर चुलीलासुद्धा तोच लावतात ना?" केबिनमधले चारजण हसले. 'तुमच्याकडं' म्हणजे कुणाकडं हे मी विचारलं नाही. मनाशी एवढंच ठरवलं की यापुढं काळा दगड ओळखायला मला कुणी उशीर झाला म्हणणार नाही. आणि खरंच, नंतर कधी झाला नाही. ट्रेमध्ये पहिला काळा कण दिसला की माझा हात आपोआप फोनकडं जायचा. साहेब पुढं माझी तारीफ करायला लागले.

आमच्या विहिरीला गॅस लागला. त्याची चाचणी झाली तो दिवस मी विसरू शकत नाही. रिगच्या बाजूला लांब दांड्यावर गॅस पेटवला. ती ज्वाळा एवढी मोठी आणि धग एवढी की रिगचं लोखंड तापू नये म्हणून मोठाले पंप लावून त्याच्यावर समुद्राच्या पाण्याचा पडदा सोडला होता. तासन् तास पाणी कोसळत होतं. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, साखर वाटली गेली. मी कठड्याला धरून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर माय होती, तुरीच्या काड्या मोडून चुलीत सारणारी. गॅस सापडला याचा आनंद झाला नाही असं नाही, पण त्या पाण्याकडं मला बघवेना. खारं का असेना, पाणीच ते.

त्याच सुमारास आमचा जिल्हा नवा झाला. लातूर. वस्तीत काहींनी गुलाल उधळला. आतापर्यंत कागद घेऊन उस्मानाबादला जायचं म्हणजे दिवस मोडायचा, आता एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत. कलेक्टर जवळ आला, म्हणजे पाणीही जवळ येईल असा एक भाबडा हिशेब आमच्या लोकांनी मांडला होता. नव्या जिल्ह्याच्या पाट्या रंगल्या आणि पाऊस गेला. एक वर्ष कमी, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी.

आमच्या वस्तीला स्वतःचं पाणी नव्हतं. गावचा आड वरच्या आळीत. आडावर आमच्या बायांनी पोहरा टाकायचा नाही. घागर घेऊन पायऱ्यांच्या खाली उभं राहायचं, आणि वरच्या आळीतल्या कुणा बाईच्या मनात आलं की ती वरून पाणी ओतणार. त्याला 'वाढणं' म्हणत. कायद्यानं हे केव्हाच बंद झालं होतं, गावानं केलं नव्हतं. दुष्काळात टँकर आला की तोही त्याच आडात रिकामा व्हायचा. माय सकाळी जायची, उन्हं चढेपर्यंत उभी राहायची. तिच्यापेक्षा निम्म्या वयाची पोरगी तिच्या घागरीत पाणी ओतायची, अर्धं तिच्या अंगावर सांडायचं. मी पगारदार माणूस, मी म्हणायचो, माय, तू माझ्याबरोबर चल, शहरात राहू. ती म्हणायची, "मी गेले तर बाकीच्या जनी उभ्याच ऱ्हातेल की." तिला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. स्वतःच्या हातानं, कुणाच्या तोंडाकडं न बघता, एक घागर पाणी भरायचं.

ते तिनं मिळवलंही होतं जवळजवळ. वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन लातूरला गेल्या, नव्या कचेरीपुढं बसल्या. माय सगळ्यांत पुढं. दुपारपर्यंत त्यांनी घागरी एकमेकींवर आपटून एवढा आवाज केला की आतून माणूस बाहेर आला. महिन्याभरात वस्तीला एक बोअर मंजूर झाला, वर हापसा बसवून मिळणार होता. एकच भोक, दोनशे फूट.

बोअरची गाडी आली तेव्हा माझे घरचे चौदा दिवस चालू होते. तेरावा दिवस. दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. गाडीवाला देगलूरकडचा, अर्धं तेलुगू बोलणारा, दुष्काळात रोज तीन गावं करून डोळे लाल झालेला माणूस. जागा मी दाखवली. वस्तीच्या मागं तीन बाभळी एका रेषेत उन्हाळ्यातही हिरव्या होत्या. त्या रेषेत खाली दगडाला चीर असणार हे मी ओळखलं. ते बरोबर होतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. ते बरोबर होतं म्हणूनच पुढचं जास्त जिव्हारी लागतं.

नारळ फुटला. मशीन धडधडायला लागलं आणि भोकातून हवेच्या जोरानं धूळ उसळली. आधी पिवळट मुरूम, मग राखाडी. सगळी वस्ती तोंडावर पदर, टॉवेल धरून गोल उभी. मी एकटा पुढं, उडून पडणारा चुरा तळहातावर घेऊन बघत होतो. साठ-सत्तर फुटांवर मांजऱ्या लागला. भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा हा मऊ दगड आमच्याकडं विहीर खणणाऱ्याला देवासारखा, कारण पाणी असलं तर त्यातच असतं. पण हा कोरडा निघाला. त्याच्यानंतर गेरूसारखी तांबडी धूळ आली, जराशी ओलसर. बायांनी आवाज केला. कुणीतरी म्हणालं, "आलं, आलं!" मायनं माझ्याकडं बघितलं. मी हात वर करून थांबा म्हटलं, साहेबासारखा.

मग काळा लागला. निबर, एकजीव, धातूसारखा. रॉड उतरेना, मशीन कण्हायला लागलं. एकशेचाळीस फुटांवर गाडीवाल्यानं ते बंद केलं. एकदम शांत झालं. तो कपाळाचा घाम पुसत माझ्याजवळ आला.

"साहेब, तीन रॉड उरले हायत. मंजुरी दोनशेची हाय. जाऊ का खाली?"

त्यानं मला विचारलं, कारण त्याला सांगितलं होतं की हा समुद्रात बोअर मारतो. मी नसतो तर त्यानं विचारलंच नसतं. मंजुरी दोनशेची म्हणजे दोनशे, रॉड टाकून मोकळा झाला असता. माझ्या तळहातावर काळा चुरा होता. आणि माझं तोंड माझ्याआधी बोललं.

"काळा पाषाण लागला. थांबवा. याच्याखाली काही नाही."

माय पुढं आली. धुळीनं तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "काळ्याच्या खाली परत मांजऱ्या असतोय की रं लेकरा. हिरीत न्हाई का दिसत, थरावर थर?"

मी चिडलो. चारचौघांत नको ते विचारल्यासारखं मला वाटलं. "माय, तुला काय कळतंय यातलं?" असं मी मोठ्यानं म्हणालो. सगळ्यांनी ऐकलं. ती मागं सरली.

वस्तीतले एक म्हातारे होते, त्यांनी उसासा टाकून म्हटलं, "आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून यील, बाबा." ते माझी बाजू घेत होते. गाडीवाल्यानं खांदे उडवले. त्याला पुढचं गाव गाठायचं होतं. भोकात लेकरं पडू नयेत म्हणून त्याच्यावर एक मोठा दगड सरकवला गेला. काळाच.

तिसऱ्या दिवशी मी रिगवर होतो. नवी विहीर, क्षेत्राचा काठ शोधायला खोदलेली. परातीचा काठ कुठं संपतो ते कळावं म्हणून अशा दोन-तीन विहिरी चारी बाजूंना घ्याव्या लागतात आणि त्यातल्या एखाद-दुसऱ्या फुकट जातात. ही फुकट गेली. चुनखडकात गॅसऐवजी खारं पाणी आलं आणि शेवटी ट्रेमध्ये काळा कण. माझा हात फोनकडं गेला. "काळा पाषाण लागला, थांबवा." तेच शब्द, त्याच आवाजात. फोन ठेवला आणि तो काळा कण मी परत भिंगाखाली धरला.

समुद्रात काळा दगड हा तळ असतो. गावात तळ नसतो, तिथं तर जमीनच त्याची. लाव्ह्याचा एक थर, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. प्रत्येक थराचं पोट निबर आणि डोकं मांजऱ्या. मी जिथं थांबवलं ते एका थराचं पोट होतं. त्याच्याखाली पुढच्या थराचं डोकं असणार होतं, आणि वरची चीर तिथवर गेली असली तर पाणीही. हे नांदेडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात. ते मी पाठ करून पहिला आलो होतो. माझ्या मायला कॉलेजात न जाता माहीत होतं. आणि त्या मुलखात जन्मून, त्याच दगडावर वाढून, मी समुद्रातला तळ गावात नेऊन ठेवला. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच.

चूक माणसाकडून होते. त्याबद्दल मी स्वतःला कधीतरी माफ केलं असतं. पण चूक कळल्यावर मी काय केलं? त्याच दिवशी पत्र लिहायला बसलो. नव्या जिल्ह्याच्या कचेरीला, की त्याच भोकात उरलेले तीन रॉड टाकून बघावेत, सांगण्यात माझी चूक झाली. तीन ओळींचं पत्र. खाली सही करायची वेळ आली आणि मला रेडिओतला आवाज ऐकू आला, केबिनमधलं हसू ऐकू आलं. वाटलं, घरी गेल्यावर तोंडी सांगू, तेच बरं. पत्र मी चुऱ्याच्या रिकाम्या कापडी पिशवीत घालून बॅगेत टाकलं.

घरी गेलो तर माय ओट्यावर बसून शेजारच्या मामीशी बोलत होती. मामी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी बाई, मला अंगाखांद्यावर खेळवलेली. मामी म्हणत होती की खाली गेलो असतो तर लागलं असतं की काय, लोक बोलायलेत. माय तिच्यावर खेकसली. "माझा लेक दर्याच्या खालचं वळखतो, त्येला हे वळखत न्हाई व्हय? त्यो न्हाई म्हनला म्हंजे न्हाई!" मी उंबऱ्यात उभा होतो, तोंड उघडलेलं. ते मी मिटलं. तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला की मला तिथंच मरून जावंसं वाटलं.

पुढं बोलणं रोज अवघड होत गेलं. दोन वर्षांनी पुन्हा गाडी गावात आली होती, वरच्या आळीसाठी. गाडीवाला भला माणूस, तो म्हणाला की तुमचं ते जुनं भोक आणखी खाली नेऊन बघू का. मी तेव्हा समुद्रात होतो. मामीनं नंतर सांगितलं, माय भोकावरच्या दगडावर जाऊन बसली. "माझ्या लेकानं बघितलंय. उगं गाडीचा येळ खाऊ नका, दुसऱ्या गावाला तरी पानी मिळू द्या." तिचा वस्तीत मान मोठा, कुणी पुढं बोललं नाही. गाडी गेली. बाया पुन्हा आडाखाली उभ्या राहिल्या, माय त्यांच्यात उभी राहिली. माझी लाज राखायला तिनं सगळ्या वस्तीला तहानेलं ठेवलं, आणि हे तिला माहीतच नव्हतं, असं मी तेव्हा धरून चाललो.

तिकडं आमचं क्षेत्र उभं राहत होतं. काठ ठरले, गॅस किती ते ठरलं. मोठाले लोखंडी सांगाडे समुद्रात उभे केले गेले. एकेका प्लॅटफॉर्मवरून सात-आठ विहिरी तिरक्या करत परातीच्या चारी बाजूंना नेल्या. समुद्राच्या तळावरून नळ टाकला, तो किनाऱ्याला लागला आणि एक दिवस गॅस जमिनीवर पोचला. इतक्या लांबून, एवढ्या खोलून, एका नळातून. भाषणं झाली. माझ्या नावाचं एक प्रशस्तिपत्रकही आहे. ते मी गावी कधी नेलं नाही. वस्तीच्या मागं तीन बाभळींखाली तीन रॉडची गोष्ट होती आणि मी तेवढी करू शकलो नव्हतो. दर सुट्टीत ठरवायचो, आज बोलतो. दर सुट्टीत तो दगड बघून माघारी यायचो. एवढा भेकडपणा एका माणसात मावतो, हे मला स्वतःवरून कळलं.

मग किल्लारीकडं भूकंप झाला. आमच्याकडं भिंतींना चिरा गेल्या, तेवढंच. लोक मला विचारायचे, "साहेब, खाली काय हाय? आनखी हालंल का?" मला खालचं काही कळत नाही असं मी खरं सांगायचो, आणि लोकांना तो माझा मोठेपणा वाटायचा. मायचे पाय त्याच सुमारास गेले. तिनं अंथरूण धरलं. आडावर जाणं सुटलं, आणि तोवर टँकर वस्तीच्या तोंडाशी येऊ लागला होता. तिला शहरात नेतो म्हटलं तर खाटेच्या गाताला, कडेच्या लाकडाला, धरून बसायची.

ती गेली तेव्हा मी प्लॅटफॉर्मवर होतो. वादळी हवा, हेलिकॉप्टर उडेना. निरोप हातात घेऊन मी दोन दिवस पाण्याकडं बघत बसलो. पोचलो तेव्हा माती झाली होती.

जलदान विधीला मी होतो. आमच्यात हा विधी असतो. गाथा चालू असताना घरच्यांनी भांड्यातलं पाणी धार धरून वाडग्यात ओतत राहायचं, वाडगं भरून वाहीपर्यंत. मी आणि बहीण, दोघांनी मिळून तांब्या धरला होता. धार पडत होती. पाणी नितळ होतं, गार होतं. टँकरचं पाणी असं नसतं, त्याला गंजाचा वास असतो. वाडगं भरलं, वाहिलं, माझ्या मांडीवर सांडलं. आयुष्यभर दगडाचं पाणी ओळखणारा माणूस मी, मला मांडी भिजल्यावर कळलं की हे जमिनीतलं पाणी आहे.

लोक पांगल्यावर मी मामीला विचारलं, "पाणी कुठलं आणलं?"

तिनं नजर चुकवली. "हापशाचं."

"कुठल्या हापशाचं?"

"मागल्या. त्याच भोकातलं." मग ती घाईघाईनं म्हणाली, "भूकंपानं आलं असंल, बाबू. लई जागी तसंच झालं म्हनं, कोरड्याला पानी आन पान्याच्याला कोरडं. तू जिवाला लावून घिऊ नको."

मी तिच्या डोळ्यांत बघत राहिलो. शेवटी तिला खोटं पेलेना. "तू मागल्या खेपेला गेलास आन दुसऱ्याच दिशी गाडी आल्ती. तुझी माय खाटंवर, उठता येत न्हाई. म्हनलं, आता कोन आडवं येनार. रॉड टाकला. दुसरा अर्धा उतरला आन पानी."

दीड रॉड. तीस फूट.

"मायला माहीत होतं?"

"न्हाई न्हाई. सगळ्या वस्तीनं ठरवल्तं, म्हातारीला कळू द्याचं न्हाई. लेकाचं चुकलं ह्ये तिला सोसनार न्हाई. आमी घागर न्हिऊन दिली की सांगायचो, टँकर आला व्हता. ती बी प्यायची गुमान."

हापसा मायच्या खाटेपासून तीस पावलांवर आहे. भिंतीपलीकडं. त्या क्षणीही कुणीतरी हापसत होतं, आणि लोखंडाचा तो करकरणारा आवाज घरात, आमच्या दोघांच्या मधोमध येत होता. मामीनंही तो ऐकला. ती पदरात तोंड घालून रडायला लागली.

"आवाज तर येतच व्हता रं," ती म्हणाली. "दिवसभर येतच व्हता. आला की तुझी माय आमाला म्हनायची, टँकर आला वाटतं, जावा गं."

माझ्या मायनं सगळं आयुष्य टँकरची वाट बघण्यात घालवलं. त्याचा आवाज आणि हापशाचा आवाज यांतला फरक तिला कळत नव्हता, असं मला आजही कुणीतरी शपथेवर सांगावं.